पुरुषांमधील टेस्टोस्टेरॉनची पातळी प्रदेशानुसार बदलते का? परदेशी मर्यादा आपल्याला लागू पडतात का?

सोनेगावकर
नमस्कार मंडळी. माझे वय ४१ असून मी नागपुरात एका खासगी कंपनीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात कार्यालयात आरोग्य तपासणीचे शिबिर झाले आणि त्याच्या पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची तपासणीही होती. जेवण झाल्यावर दुपारी साडेतीनच्या सुमारास रक्त घेतले. अहवालात माझा आकडा ३१८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आला; समोर छापलेली मर्यादा २६४ ते ९१६ अशी आहे. म्हणजे मी मर्यादेत आहे, पण अगदी तळाला. गेले काही महिने लैंगिक इच्छा कमी झाली आहे आणि लिंगाची ताठरताही पूर्वीसारखी टिकत नाही, त्यामुळे हा आकडा मनातून जात नाही.

माझा आतेभाऊ स्वीडनमध्ये असतो. त्याच्या अहवालात १८ हा आकडा आहे आणि त्याचे डॉक्टर तो उत्तम असल्याचे सांगतात. दुसरीकडे अंबाझरीवर सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी ठामपणे म्हणतात, की विदर्भातल्या उन्हामुळे आपल्याकडच्या पुरुषांत हे मुळातच कमी असते आणि उत्तरेकडच्या लोकांत जास्त असते. यात तथ्य किती? परदेशातील पुरुषांवरून ठरवलेली मर्यादा नागपूरच्या माणसाला लावणे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

रक्तनमुना
मी पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून आधी आकड्यांविषयी. तुमच्या आतेभावाचा १८ हा आकडा नॅनोमोल प्रति लिटर या एककात आहे. त्याला २८.८ ने गुणले की आपल्याकडचे एकक मिळते, म्हणजे त्याची पातळी साधारण ५१८ आहे. एकक न पाहता दोन देशांतील अहवाल शेजारी ठेवणारे बरेच लोक आमच्या काउंटरवर येतात आणि विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त होतात.

दुसरे म्हणजे वेळ. हे संप्रेरक पहाटे आणि सकाळी सर्वाधिक असते, दुपारनंतर उतरते. तरुणांमध्ये हा उतार अधिक ठळक असतो. जेवणानंतर, विशेषतः गोड खाल्ल्यावर, ते आणखी खाली जाते. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचा असतो आणि आकडा कमी आला तर वेगळ्या दिवशी पुन्हा सकाळीच तपासायचा असतो. दुपारी साडेतीनला, जेवणानंतर घेतलेल्या एका नमुन्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही. शिबिरे दिवसभर चालतात म्हणून रक्त दिवसभर घेतले जाते. ती सोय आयोजकांची आहे.

तिसरे, २६४ ते ९१६ ही मर्यादा २०१७ साली प्रसिद्ध झाली. अमेरिका आणि युरोपातील चार मोठ्या अभ्यासांमधील १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या पुरुषांच्या रक्तावरून ती ठरवली आहे. तेव्हा ही मर्यादा कोणावरून काढली, ही तुमची शंका अगदी योग्य आहे.

खामला_चौक
उत्तर भारतीयांमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त असते हे सर्वांना माहीत आहे. त्यांची शरीरयष्टीच पाहा.

मानववंश_वाचक
@खामला_चौक, उंची आणि खांद्यांवरून रक्तातील संप्रेरकाचा अंदाज बांधता येत नाही. प्रदेशाप्रदेशांत फरक आढळतो हे मात्र खरे आहे आणि तो कसा आढळतो हे पाहण्यासारखे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

२०१० साली वयस्क पुरुषांच्या एका मोठ्या अभ्यासात अमेरिका, स्वीडन, टोबॅगो, हाँगकाँग आणि जपान येथील पुरुषांची तुलना झाली. आपल्या समजुतीच्या उलट, एकूण टेस्टोस्टेरॉन हाँगकाँग आणि जपानमधील पुरुषांत अधिक आढळले. परंतु रक्तात या संप्रेरकाला धरून ठेवणारे एक प्रथिन असते, त्याला एसएचबीजी म्हणतात, आणि तेही त्या पुरुषांत जास्त होते. त्यामुळे पेशींना प्रत्यक्ष उपलब्ध असणारे, म्हणजे मुक्त टेस्टोस्टेरॉन या गटांत जवळपास सारखेच निघाले. वजन वाढले की एसएचबीजी उतरते आणि त्याबरोबर एकूण आकडाही उतरतो. त्यामुळे दोन प्रदेशांतील सरासरी आकड्यांचा फरक पुष्कळदा दोन प्रदेशांतील कमरेच्या घेरांचा फरक असतो.

त्याहून आपल्या जवळचा अभ्यास बांगलादेशातील सिल्हेटच्या लोकांवर झाला आणि २०१८ साली प्रसिद्ध झाला. सिल्हेटमधून ब्रिटनमध्ये गेलेले आणि सिल्हेटच्या भागातच राहिलेले खाऊनपिऊन सुखी पुरुष त्यात घेतले होते. जे लहानपणीच ब्रिटनला गेले, त्यांची पातळी मोठेपणी अधिक आढळली. ते वयातही लवकर आले आणि उंचही झाले. जे तरुणपणी किंवा नंतर गेले, त्यांची पातळी गावाकडच्या भावंडांसारखीच राहिली. वंश एक, खाणेपिणे बरेचसे सारखे, तरीही हा फरक. संशोधकांचे म्हणणे असे, की ज्या मुलांचे बालपण वारंवार जुलाब, जंत आणि ताप यांच्याशी झगडण्यात जाते, त्यांचे शरीर रोगप्रतिकारावर अधिक शक्ती खर्च करते आणि प्रजननाच्या यंत्रणेवरचा खर्च आवरता घेते. ही बेरीज-वजाबाकी बालपणातच बऱ्याच अंशी ठरून जाते. म्हणून पंजाब की विदर्भ, असा प्रश्न मला अपुरा वाटतो. नळाला शुद्ध पाणी असलेल्या घरात वाढलेला आणि गढूळ विहिरीवर वाढलेला, असे दोन सख्खे चुलतभाऊ या बाबतीत एकमेकांपासून दूर असू शकतात.

निवृत्त_मास्तर
@मानववंश_वाचक, माहिती उत्तम आहे, परंतु त्यातून असा अर्थ निघतो की ज्यांचे टेस्टोस्टेरॉन अधिक, त्यांचे बालपण चांगले आणि म्हणून ते अधिक निरोगी. तसे असेल तर आमच्यासारख्या, खेड्यात वाढलेल्या आणि चार मुलांचे बाप असलेल्या माणसांनी काय समजावे?

मानववंश_वाचक
मास्तर, तसा अर्थ निघत नाही. काँगो, नेपाळ, पॅराग्वे आणि अमेरिका येथील पुरुषांच्या लाळेतील टेस्टोस्टेरॉनची तुलना २००२ साली प्रसिद्ध झाली. तरुणपणी अमेरिकी पुरुष सर्वांत वर होते, पण वय वाढले तसा त्यांचा उतार तीव्र होत गेला आणि साठीनंतर सगळे जवळपास एका पातळीवर आले. कमी पातळीवर आयुष्य काढणाऱ्या समाजांत पोरेबाळे होत नाहीत किंवा संसार सुखाचे होत नाहीत, असे कोठेही दिसलेले नाही.

फिलिपिन्समधील सेबू येथील तरुणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा लग्न होऊन बाप झालेल्यांची पातळी उतरलेली आढळली, आणि बाळाची काळजी घेण्यात अधिक वेळ देणाऱ्यांची अधिक उतरलेली होती. हे आजारपण नव्हे. शरीर परिस्थितीप्रमाणे आपला मार्ग बदलते, त्यातलाच हा प्रकार.

वैद्यकीय_विद्यार्थी
यात एक गोष्ट जोडतो. युरोपातील आठ शहरांमध्ये ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांहून अधिक पुरुषांचा अभ्यास झाला. मँचेस्टर, माल्मो, फ्लॉरेन्स अशी ती शहरे होती. २०१० साली त्यातून जे मांडले गेले ते असे, की कमी झालेली इच्छा, सकाळची ताठरता कमी होणे आणि संबंधाच्या वेळी ताठरता न येणे ही तिन्ही लक्षणे असतील आणि त्यासोबत एकूण व मुक्त टेस्टोस्टेरॉनही कमी असेल, तरच वाढत्या वयातील खरी कमतरता म्हणावी. हा निकष लावल्यावर फक्त २.१ टक्के पुरुष त्यात बसले. थकवा, चिडचिड, झोप न येणे यांवरून जाहिरातवाले जी कमतरता सांगतात, ती बहुतेकांत नसते.

अंजनी_एच
मी येथे एरवी केवळ वाचत असते, पण हा विषय स्त्रियांनाही तितकाच लागून आहे म्हणून लिहिते. लग्नानंतर मूल होत नव्हते तेव्हा सासरच्या सर्वांनी, अगदी प्रेमाने, माझ्याच तपासण्या चालवल्या. सोनोग्राफी झाली, नळ्यांची तपासणी झाली, दुर्बिणीतून तपासणीही झाली. यजमानांची साधी वीर्य तपासणी मात्र सर्वांत शेवटी झाली, कारण ती सुचवणे म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाचा अपमान, अशी सासूबाईंची समजूत होती. शुक्राणूंची संख्या फार कमी निघाली, आणि त्याच अहवालासोबत टेस्टोस्टेरॉन अगदी व्यवस्थित आले. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा जोडीने असते. सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित तपासणी पुरुषाची असताना ती शेवटी का व्हावी?

उन्हाचा प्रश्न वर आला आहे. माझे यजमान बुटीबोरीला भट्टीच्या विभागात आहेत. डॉक्टरांनी आम्हाला समजावले, की वृषण शरीराबाहेर असतात ते याचसाठी. शुक्राणू तयार होण्यासाठी त्यांना शरीराहून दोन ते चार अंश कमी तापमान लागते. भट्टीसमोरची सततची आच शुक्राणूंना बाधते, टेस्टोस्टेरॉनला तितकीशी नाही. त्यांनी विभाग बदलून घेतला. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, त्यामुळे फरक पाहण्यासाठी धीर धरावा लागला.

धंतोली_डायरी
अंजनीताई, आपण लिहिले हे फार बरे केले. उन्हाबद्दल एक जोड: उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो येथे ऋतूंनुसार पातळी मोजली तेव्हा उन्हाळ्यात ती थोडी कमी आढळली, पण तिथला उन्हाळा आपल्या डिसेंबरहून थंड असतो! इतर काही ठिकाणी ऋतूंचा फरक आढळलाच नाही. मे महिन्यातील ४५ अंशांनी नागपूरच्या पुरुषांचे संप्रेरक आटवले, असे म्हणायला कोणताही आधार नाही.

कापूस_पट्टा
मी कळमेश्वरकडचा शेतकरी. हवामानापेक्षा फवारणीवर कोणी का बोलत नाही? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हा सर्वांना जाग आली. पण जे मरत नाहीत आणि वर्षानुवर्षे उघड्या अंगाने, तोंडाला साधा दुपट्टा बांधून पंप पाठीवर घेतात, त्यांचे काय? पंप गळतो तो थेट पाठीवरून खाली. ओली चड्डी दिवसभर अंगावर असते.

मानववंश_वाचक
@कापूस_पट्टा भाऊ, प्रदेशानुसार फरक पडण्याचे हे सर्वांत रास्त कारण आहे. कॅलिफोर्नियात १९७७ साली डीबीसीपी नावाचे कृमिनाशक बनवणाऱ्या कामगारांना मुले होत नसल्याचे त्यांच्या आपसांतल्या बोलण्यातून उघड झाले, आणि तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू अत्यल्प किंवा शून्य आढळले. आपल्याकडे केरळातील कासरगोड येथे काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरने एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले जात असे. तेथील मुलगे उशिरा वयात येतात आणि त्यांच्या टेस्टोस्टेरॉनवर परिणाम होतो, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी आणली. फवारणीनंतर ओले कपडे तत्काळ बदलणे आणि साबणाने अंघोळ करणे, एवढे तरी प्रत्येकाने करावेच.

महाल_वाडा
विदर्भाची खरी ओळख खर्रा आहे, त्याबद्दल बोला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पानठेला आहे. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घेऊन ठेलेवाला ती पन्नी पाटीवर इतक्या वेगाने घासतो, की आतला माल काही क्षणांत ओलसर, तपकिरी होतो. विशी-बाविशीची मुले सकाळी कामाला जाताना दोन पुड्या खिशात टाकतात. तोंडाच्या कर्करोगाविषयी त्यांना सगळे ठाऊक आहे. या सवयीचा ताठरतेशी संबंध आहे हे मात्र त्यांच्यापैकी एकालाही कोणी सांगितलेले नाही.

डॉ_फिजिशियन_नागपूर
महालवाले, तुम्ही मर्मावर बोट ठेवले आहे. मी गेली अनेक वर्षे सामान्य वैद्यक म्हणून काम करतो. ताठरतेची तक्रार घेऊन येणाऱ्या चाळिशीपुढच्या पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉनची कमतरता हे एकमेव कारण क्वचितच सापडते. सापडतात ते शुगर, रक्तदाब, तंबाखू, दारू, पोटाचा घेर आणि काही औषधे. ताठरता म्हणजे मुळात रक्ताभिसरणाचे काम आहे. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात आणि हृदयाच्या तीन ते चार, म्हणून रक्तवाहिन्यांत बिघाड सुरू झाला की त्याची खूण आधी येथे उमटते. छातीत दुखणे त्यानंतर काही वर्षांनी येते. या तक्रारीसाठी आलेल्या माणसाची मी शुगर, लिपिड आणि रक्तदाब तपासल्याशिवाय राहत नाही. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि टाइप-२ मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांशांत टेस्टोस्टेरॉनही कमी आढळते. झोपही विसरू नका: निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर त्यांची दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली, असे २०११ मधील प्रयोगात दिसले होते.

वयाचा भागही लक्षात घ्यावा. मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांच्या अभ्यासात ५२ टक्क्यांना कमी-अधिक प्रमाणात ही अडचण होती. ही अडचण त्यांच्या देशात आहे आणि आपल्याही देशात आहे. आपल्याकडे मात्र रुग्ण माझ्याकडे येण्याआधी भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर फिरवून आलेला असतो. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे, तरी त्या रेल्वे रुळांच्या कडेला राजरोस दिसतात. ‘शुद्ध वनस्पती’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल हे ताठरतेचे औषध मिसळलेले असते. हृदयविकारासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्या माणसाने अशी पुडी घेतली, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ही गोष्ट आपापल्या वडिलांना आणि काकांना अवश्य सांगा.

जिम_प्रतापनगर
डॉक्टर साहेब, आमच्या जिममध्ये ट्रेनर सांगतात की आकडा कमी असेल तर सरळ इंजेक्शन घ्यावे. यात धोका आहे का? माझे पुढच्या वर्षी लग्न आहे.

वैद्यकीय_विद्यार्थी
@जिम_प्रतापनगर दादा, कृपया घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूला वाटते पुरेसे आहे आणि तो वृषणांना संदेश पाठवणे थांबवतो. शुक्राणूंची निर्मिती बंद पडू लागते. हे इतके खात्रीचे आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमची इंजेक्शने पुरुषांचे गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. धाग्याच्या विषयाला धरून सांगायचे तर, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत खरा प्रादेशिक फरक दिसला: वीर्यातील शुक्राणू पूर्णपणे नाहीसे होण्याचे प्रमाण चिनी पुरुषांत पाश्चात्त्य पुरुषांपेक्षा ठळकपणे अधिक होते. इंजेक्शने थांबवल्यावर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात, पण त्याला अनेक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

कामठी_रोड
एक विषय या धाग्यात कोणीही काढलेला नाही, आणि प्रदेशाचा विचार करायचा तर विदर्भात तो पहिला यायला हवा. माझ्या धाकट्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. या आजारात मुले उशिरा वयात येतात, पुढे टेस्टोस्टेरॉन कमी राहू शकते आणि त्यावरच्या हायड्रॉक्सीयुरिया या औषधामुळे शुक्राणूंची संख्या घटू शकते. पण सर्वांत भयंकर म्हणजे इच्छा नसताना आलेली, दुखणारी आणि न उतरणारी ताठरता. विळ्यासारख्या झालेल्या रक्तपेशी तिथे अडकतात आणि रक्त बाहेर पडत नाही. भावाला सोळाव्या वर्षी मे महिन्यातल्या एका रात्री हे झाले. त्याने लाजेपोटी सकाळपर्यंत आईलाही सांगितले नाही, थंड पाणी ओतत बसला. एका खासगी दवाखान्यात नेले तर तेथील माणूस हसला. पुढे मोठ्या रुग्णालयात सुईने रक्त काढून त्यांनी ते उतरवले, पण उशीर झाला होता आणि त्याचे परिणाम त्याला आजही सोसावे लागतात.

चार तासांच्या पुढे गेले की आतील पेशी मरू लागतात. शाळांमध्ये सिकलसेलची तपासणी होते, लाल-पिवळी कार्डे मिळतात, फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळतात. मुलग्यांना ही एक गोष्ट मात्र कोणीही सांगत नाही. ज्यांच्या घरी सिकलसेलग्रस्त मुलगा आहे, त्यांनी त्याला आजच सांगावे.

डॉ_फिजिशियन_नागपूर
कामठी रोड, तुमचा प्रतिसाद या धाग्यातील सर्वांत मोलाचा आहे. पाणी कमी पडणे हे त्यामागचे एक मोठे कारण असते, म्हणून आपल्या उन्हाळ्यात या मुलांना विशेष जपावे लागते. अशा वेळी तातडीच्या विभागात जाऊन पहिल्याच वाक्यात ‘सिकलसेल आहे आणि इतक्या तासांपासून ताठरता उतरत नाही’ असे सांगावे, म्हणजे रांगेत वेळ जाणार नाही.

खामला_चौक
माझ्या भाच्याला सिकलसेल आहे. हे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. त्याच्याशी आज रात्रीच बोलतो.

सोनेगावकर
सर्वांचे मनापासून आभार. @रक्तनमुना यांच्या सल्ल्याप्रमाणे सकाळी आठ वाजता उपाशीपोटी पुन्हा तपासणी केली. टेस्टोस्टेरॉन ४३७ आले. डॉक्टर साहेबांचा प्रतिसाद वाचून सोबत शुगरही करून घेतली, तर एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.१ निघाला; तो मधुमेहाच्या पातळीत येतो. आमच्या घरात वडिलांना मधुमेह होता, पण माझी तपासणी आजवर कधी झाली नव्हती. आता विचारायचे आहे ते असे, की यासाठी यूरोलॉजिस्टकडे जावे की एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, आणि पत्नीने सोबत यावे का?

डॉ_फिजिशियन_नागपूर
सोनेगावकर, सकाळचा आकडा पाहता तुम्हाला टेस्टोस्टेरॉनची गरज नाही. आधी फिजिशियन किंवा मधुमेहतज्ज्ञ गाठा, एचबीए१सी पुन्हा करून निदान पक्के करून घ्या आणि त्याच भेटीत ताठरतेची तक्रार स्वतःहून सांगा, कारण आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर हा प्रश्न आपणहून विचारत नाहीत. ईसीजी, लिपिड आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्या. इच्छा कमी असल्यामुळे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक आणि थायरॉइडही पाहतील. हृदय ठीक असेल आणि नायट्रेट (सॉर्बिट्रेटसारखे औषध) चालू नसेल, तर ताठरतेच्या गोळ्या मधुमेहातही देता येतात. मात्र त्या चिठ्ठीवरच घ्याव्यात. पत्नीला अवश्य सोबत न्या. खर्रा किंवा सिगारेट असेल तर तेही लपवू नका.

सोनेगावकर
खर्रा आहे, दिवसाला तीन. शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आहे, आणि पत्नी सोबत येणार आहे.